निळी चिठ्ठी, गुलाबी चिठ्ठी

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला आम्ही दोन वर्षांसाठी आलो होतो. निदान सगळ्यांना सांगितलं तरी तसंच होतं: नाशिकला सासूसासऱ्यांना, पुण्यातल्या आमच्या भाडेकरूंना, मुलीच्या बालवाडीतल्या बाईंना. नवऱ्याची पुण्याची कंपनी इथल्या मोटार कारखान्यासाठी काम करायची. त्या कामासाठी त्याला पाठवलं होतं, काम संपलं की परत. म्हणून आम्ही फर्निचर घेतलं ते सगळं जुनं, पडदे लावले ते आधीच्या लोकांनी सोडलेले, आणि भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नाही. भांडी मात्र मी सगळी आणली होती. कुकर, तवा, आणि सासूबाईंनी दिलेलं पोळपाट-लाटणं.

गाव शांत. इतकं शांत, की पहिले काही आठवडे मला वाटायचं आज कसली तरी सुट्टी असावी. कालव्याच्या पलीकडे कारखान्याच्या चिमण्या, अलीकडे आमच्यासारख्या लोकांच्या तीनमजली इमारती. गाडीशिवाय कुठं जायची सोय नाही, आणि गाडी नवरा घेऊन जायचा. त्यामुळे माझं जग म्हणजे मुलीची शाळा, कोपऱ्यावरचं बेकरीचं दुकान, त्याच्या शेजारचं औषधांचं दुकान आणि आमचा जिना. आता मागे वळून पाहताना वाटतं, तेवढं छोटं जग मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आजारी पडलो तर काय, हे निघायच्या आधी सासऱ्यांनी विचारलं होतं.

"कंपनी देते ना, बाबा," नवरा म्हणाला. "आधी आपण पैसे भरायचे, बिलं पुण्याला पाठवायची, मग ते परत करतात."

सासऱ्यांचा चेहरा खुलला. ते सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांची आणि सासूबाईंची औषधं अशीच यायची. दर महिन्याला बिलं नीट लावून कंपनीच्या दवाखान्यात द्यायला ते स्वतः जायचे आणि त्या निमित्तानं जुन्या मित्रांना भेटायचे. "डॉक्टरची सही आणि शिक्का बघून घेत जा," एवढंच ते म्हणाले. जर्मनीतसुद्धा आपल्याच पद्धतीनं चालतं याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

पहिल्या हिवाळ्यात मुलीचा कान दुखायला लागला, तेव्हा आम्ही ती पद्धत पहिल्यांदा वापरली. डॉक्टरनं निळ्या कागदावर औषध लिहून दिलं. औषधांच्या दुकानात, इथं त्याला आपोटेके म्हणतात, एक उंच बाई होत्या. आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीनं लटकवलेला चष्मा. त्यांनी ती निळी चिठ्ठी वाचली, औषध दिलं, पैसे घेतले, चिठ्ठीवर शिक्का मारून ती परत दिली. मग काउंटरवरून वाकून मुलीच्या हातात द्राक्षसाखरेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, दोन गोळ्या ठेवल्या. त्या दिवसापासून मुलीला औषधांचं दुकान फार आवडायला लागलं. मला खोकला आला की तिचा चेहरा उजळायचा.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ गुलाबी चिठ्ठी घेऊन उभे होते. त्यांच्याकडून बाईंनी अगदी थोडे पैसे घेतले आणि चिठ्ठी ठेवून घेतली. "त्यांची गुलाबी का?" मी घरी येऊन विचारलं. नवरा म्हणाला, "ते सरकारी विम्यातले. क्रांकेनकासे म्हणतात त्याला. त्यांची बिलं परस्पर तिकडे जातात. आपली पुण्याला जातात." तेव्हा मला त्यात एवढंच कळलं, की आपण इथले नाही.

दुसऱ्या वर्षी पानगळीच्या सुमाराला माझी बोटं सकाळी उठल्यावर मिटेनाशी झाली. सुरुवातीला वाटलं थंडी आहे. मग कणीक मळताना मनगटात कळ यायला लागली. मी पोळ्या कमी केल्या, भात वाढवला. मग मुलीच्या जाकिटाची चेन लावता येईना. "आई, तू मुद्दाम हळू करतेस," ती जर्मनमध्ये म्हणाली. तेव्हापासूनच ती मराठीतल्या प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. मी नवऱ्याला काही बोलले नाही. परत जायला थोडेच महिने राहिले होते. पुण्याला जाऊन दाखवू, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ओळखलं ते खालच्या काकूंनी.

आमच्या बरोबर खाली एक इटालियन बाई एकट्या राहायच्या. आम्ही आपसात त्यांना 'खालच्या काकू' म्हणायचो. कारखान्यात कामाला आलेल्या नवऱ्याच्या मागोमाग त्या नवी नवरी म्हणून इथं आल्या, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली होती. नवरा गेला, मुलं लांब गेली, त्या तिथंच राहिल्या. त्यांचं जर्मन इटालियन चालीत असायचं, हातवाऱ्यांसकट. त्यामुळे मला ते जर्मन लोकांच्या जर्मनपेक्षा जास्त कळायचं.

एका सकाळी मी खाली टपालपेटी उघडत होते. किल्ली फिरेना म्हणून दोन्ही हातांनी धरली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

"काही नाही, थंडीनं..."

"दाखव."

त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली. दुसऱ्या सांध्यावर मी ओरडलेच. "सकाळी मूठ मिटायला किती वेळ लागतो?"

"चहा उकळून पिऊन होईपर्यंत," मी म्हणाले.

"माझी कॉफी दोनदा व्हायची." त्यांनी स्वतःचा हात पुढं केला. बोटं थोडी तिरकी झालेली, पण त्यांनी घट्ट मूठ मिटून दाखवली. "हा संधिवात आहे. मला तीस वर्षं आहे. मी उशिरा गेले म्हणून बोटं अशी झाली. तू उशीर करू नकोस."

मी जिन्यातच रडले. त्यांनी मला आत नेलं, कॉफी दिली आणि आपल्या डॉक्टरचा पत्ता दिला.

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी फोन लावला. तिकडच्या बाईंनी सगळ्यात आधी विचारलं, सरकारी विमा की खाजगी? आम्ही स्वतः पैसे भरतो, कंपनी परत देते, असं त्यानं सांगितलं. लगेच पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. मी आनंदानं काकूंना सांगायला गेले. त्या हसल्या. "जा, जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वसंतातला फोन होता, बर्फ पडल्यावर बोलावलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी मात्र कॉफी अर्धीच ठेवून उठले.

काकूंचं निदान बरोबर होतं. डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे, कळलं का असं दर वाक्यानंतर विचारायचे. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली. तिनं मळमळायचं, आणि सूज काही पुरती उतरेना. हिवाळा गेला. नवऱ्याचं काम लांबलं, मुक्काम वाढला. मग एकदा डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शनचं औषध द्यायला हवं. पेनासारखं असतं, घरी स्वतः टोचून घ्यायचं. त्यानं दबलेला क्षय वर येऊ शकतो, आणि तुम्ही भारतातल्या, म्हणून आधी क्षयाची तपासणी करू. तपासणी ठीक आली. त्यांनी निळ्या कागदावर लिहून दिलं.

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि नेहमीसारख्या कपाटाकडे गेल्या नाहीत. "हे मागवावं लागतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्याआधी तुम्ही किंमत बघून घ्या." त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. नवरा पुढं वाकला, मग सरळ झाला. तो आकडा त्याच्या महिन्याच्या पगाराशी बरोबरी करत होता, आणि औषध कायमचं घ्यायचं होतं.

"आम्ही कंपनीला विचारतो," तो म्हणाला.

पुण्याच्या ऑफिसातली मुलगी चांगली होती. आजवर माझं प्रत्येक बिल तिनंच मंजूर केलं होतं. फोनवर ती मला ताई म्हणायची. "ताई, परदेशातल्या माणसांसाठीची आपली सोय अचानक येणाऱ्या आजारांसाठी आहे हो. कायमच्या औषधांना वर्षाची मर्यादा आहे, ती तुमची संपत आली. मी साहेबांशी दोनदा बोलले. ते म्हणतात, परत आल्यावर इथं बघू."

"तिथं मिळेल का भरपाई?"

ती म्हणाली, "दवाखान्यात भरती झाल्यावर मिळते. घरी घ्यायच्या औषधांना नाही."

फोन ठेवल्यावर नवरा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "इथल्या लोकांनी मला नोकरी विचारली होती. त्यांच्याकडेच, कायमची."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. मी नाही म्हणून टाकलं. तुला सांगितलं नाही, कारण जायचं ठरलेलंच होतं."

इथली नोकरी म्हणजे सरकारी विमा. पगारातून हप्ता कापला जाणार, त्यातला निम्मा कंपनी भरणार, आणि बायको-मुलं त्याच हप्त्यात आत. आजार आधीपासून आहे का, हे कुणी विचारणार नव्हतं. पुण्याची सोय त्याच दिवशी संपणार, आणि पुण्याला परत जाण्याची गोष्टही.

"माझ्या बोटांसाठी तू तिकडचं सगळं सोडणार?" मी विचारलं.

"बोटं तुझी एकटीची नाहीत," तो चिडून म्हणाला. "पोळ्या मीही खातो."

त्याही परिस्थितीत मला हसू आलं. पण रविवारी नाशिकला फोन लावायचा होता, आणि त्या विचारानं दोघांचंही हसू ओसरलं. सासऱ्यांनी आमच्यासाठी वरची खोली रंगवून घेतली होती. नवऱ्यानं सगळं सांगितलं. पलीकडे सासूबाईही ऐकत होत्या. मग त्यांनी फोन मागून घेतला आणि मला विचारलं, "तू लाटणं धरू शकतेस का?"

"नाही, आई."

"मग प्रश्नच नाही. तुम्ही तिथंच राहा." मग त्या म्हणाल्या, "खोलीचं काय, आम्ही कपडे वाळत घालू तिथं."

नोकरी बदलण्यात, व्हिसाच्या कागदांत उन्हाळ्यापर्यंतचा काळ गेला. तेवढे महिने डॉक्टरांनी मला दुसऱ्या गोळ्यांवर कसंबसं तगवलं. चेहरा सुजला, झोप उडाली. आणि तेच महिने मला आज सगळ्यात जास्त आठवतात, कारण खालच्या काकू रोज वर यायच्या. जिना चढताना त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. आल्या की बाह्या वर करून कणकेत हात घालायच्या.

"पाणी किती?" मी सांगायच्या आत त्यांनी ओतलेलं असायचं. "अंडं नाही? अंड्याशिवाय पीठ म्हणजे काय?" सासूबाईंचं लाटणं त्यांना खेळण्यासारखं वाटलं. त्या खालून आपलं हातभर लांब लाटणं घेऊन आल्या आणि टेबलभर पसरेल अशी एकच पोळी लाटली. ती तव्यात मावेना. मग सुरीनं चार तुकडे केले. मुलीला त्या चौकोनी पोळ्या इतक्या आवडल्या, की पुढं माझ्या गोल पोळ्यांना ती नाकं मुरडायची. काकू मला 'किंट' म्हणायच्या, म्हणजे पोरी. एकदा पीठ मळता मळता त्या म्हणाल्या, "आम्हीसुद्धा दोनच वर्षांसाठी आलो होतो. घर बांधण्यापुरते पैसे जमवायचे आणि जायचं. मग मुलं शाळेत गेली. मग माझे हात गेले, आणि डॉक्टर इथं होता."

"वाईट वाटतं?"

"ऑगस्टमध्ये वाटतं, सगळे सुट्टीला तिकडे गावी जातात तेव्हा," त्या म्हणाल्या. "बाकी वेळ नाही."

विम्याचं कार्ड आलं, त्यावर माझा सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो. ते घेऊन डॉक्टरकडे गेले आणि छपाईयंत्रातून पहिली गुलाबी चिठ्ठी बाहेर आली. दुकानातल्या बाईंनी ती हातात घेतली, चष्मा चढवला, आणि मान हलवून हसल्या. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली पेनं आली. दहा युरो दिले. इतक्या महिन्यांची घालमेल आणि शेवटी सिनेमाच्या तिकिटाएवढे पैसे! मी दुकानाबाहेर येऊन बाकावर बसून राहिले. मुलगी म्हणाली, "गेहेन विअर?" जायचं का? मी म्हटलं, थांब जरा.

पेनं फ्रिजमध्ये चटणीच्या डब्याशेजारी ठेवली. मांडीत टोचायला नर्सनं शिकवलं होतं, तरी पहिल्यांदा नवऱ्यानं माझा हात धरला आणि स्वतः डोळे मिटून घेतले. उन्हाळा संपता संपता एका सकाळी मी लोणच्याची बरणी उघडली. उघडून झाल्यावर लक्षात आलं. मी ती बंद केली, पुन्हा उघडली, आणि खाली जाऊन काकूंच्या दारावर मुठीनं धाडधाड वाजवलं. त्यांनी दार उघडलं, माझी मूठ पाहिली, आणि "मादोन्ना!" असा मेरीमातेचा धावा करून मला अशी काही मिठी मारली की दोघींचे चष्मे एकमेकांत अडकले.

गुलाबी चिठ्ठीच्या राज्यात सगळंच सोपं होतं असं नाही. डॉक्टरची पुढची वेळ आता कित्येक महिन्यांनी मिळायची, काकूंच्याच रांगेत. साध्या गोळीचा डबा दर वेळी वेगळ्या रंगाचा यायचा. विमा कंपनीचा ज्या कारखान्याशी करार असेल त्याची गोळी द्यावी लागते, असं दुकानातल्या बाई सांगायच्या. नवऱ्याच्या नव्या कंपनीनं वरून एक जोडविमा दिला होता, सरकारी विम्यानंतर आपल्याला जे भरावं लागतं त्यातलं काही परत देणारा. तो मोठ्या उत्साहानं पावत्या जमवायला लागला, अगदी सासऱ्यांसारखा, शिक्के तपासून. मग कळलं, की कायमच्या आजारात एका हद्दीनंतर सरकारी विमाच आपल्याला माफी देतो, आणि जे माफ झालं ते कंपनी कशाला परत देईल? काकूंना ती माफी दर वर्षी लवकर मिळायची, कारण ती हद्द मिळकतीवर ठरते आणि त्यांची पेन्शन छोटी. त्याचं कार्ड त्या पर्समधून काढून दुकानात असं दाखवायच्या, जणू राजवाड्यात शिरायचा परवाना.

पुढच्या वसंतात सासूसासरे आले. तीन महिन्यांचा व्हिसा आणि तीन महिन्यांची औषधं, एका स्टीलच्या डब्यात. सासरे रोज मुलीबरोबर औषधांच्या दुकानासमोरून फिरायला जायचे. एकदा आत जाऊन त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि इंग्रजीत आभार मानले. बाईंना कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्यांनी सासऱ्यांच्या हातातही द्राक्षसाखर ठेवली. सासूबाई आणि काकू यांची भाषा एकही जुळत नव्हती. दोघी आमच्या स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलायच्या, ही मराठीत, ती इटालियनमध्ये. एकदा मी विचारलं, "आई, काय बोलता तुम्ही?"

"मुलं," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काय बोलणार?"

जायच्या दिवशी सासूबाईंनी काकूंच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. त्या नवऱ्यामागं राहिलेल्या आहेत हे सासूबाईंना ठाऊक होतं. मी बघतच राहिले. "त्यांनी माझ्या सुनेला जेवू घातलं," त्या टॅक्सीत बसताना म्हणाल्या, आणि विषय संपला.

काही वर्षांनी नवऱ्याला बॉनला नोकरी मिळाली आणि आम्ही वोल्फ्सबुर्ग सोडलं. काकू त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेल्या, झोपेत. चर्चमध्ये अर्धी प्रार्थना इटालियन, अर्धी जर्मन झाली. त्यांच्या मुलानं मला विचारलं, आईची एखादी वस्तू हवी आहे का? मी लाजत लाजत लांब लाटणं मागितलं. त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

त्यानंतर सासरे गेले. नवरा वेळेवर पोचला, तेवढं बरं झालं. सासूबाईंना इकडं आणायचं म्हणून आम्ही खूप धडपडलो. व्हिसाचं कदाचित जमलं असतं, पण त्यांच्या वयाला, त्यांच्या साखरेला आणि रक्तदाबाला इथं विमा द्यायला कुणी तयार नव्हतं. ज्या दारातून मला काही न विचारता आत घेतलं, त्या दारातून सुनेला, नातीला जागा होती, आईला नव्हती. आणि नाशिकला सासऱ्यांच्या कंपनीची सोय त्यांच्यामागे सासूबाईंना चालू होती. औषधं फुकट, डॉक्टर ओळखीचा. जवळच नणंद राहते. हे सगळं मी त्यांना फोनवर समजावत होते, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अगं, मला कळतं. तुझं औषध तिथं, माझं इथं. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"तुम्ही एकट्या..."

"एकटी कुठे? दवाखान्यात जायचं असतं ना महिन्यातून एकदा. यांचे सगळे मित्र असतात रांगेत. मला पुढं जाऊ देतात. मी जात नाही." त्या हसल्या. "पुढं गेलं की लवकर घरी यावं लागतं."

मग त्यांनी रांगेतल्या कुणाच्या नातीचं लग्न ठरलं ते सांगायला सुरुवात केली. मी फोन कानाशी धरून खिडकीपाशी उभी राहिले. बाहेर ऱ्हाईनवरून एक मालवाहू बोट जात होती, आणि सासूबाईंच्या गोष्टीत अजून मुलाकडचे लोक यायचे होते.